करंबेळकर आणि वीस न जन्मलेली पिल्लं

करंबेळकरांनी आयुष्यात एकच निर्णय तडकाफडकी घेतला असावा, तो म्हणजे कुठलाही निर्णय तडकाफडकी घ्यायचा नाही. बाकी सगळ्याला त्यांना तक्ता लागायचा. आइंडहोवनच्या ज्या कंपनीत आम्ही दोघं कामाला होतो तिथे चिप बनवणारी अवाढव्य यंत्रं तयार होतात, आणि त्या यंत्रांना बसणारे बारीक हादरे मोजणं हे करंबेळकरांचं काम. शेजारच्या खोलीत कुणी दार आपटलं तर यंत्राला किती त्रास होतो हे ते दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत सांगायचे. माणसांना किती त्रास होतो हे मोजायचं उपकरण कंपनीने त्यांना दिलेलं नव्हतं.

मी त्याच मजल्यावर, सॉफ्टवेअरमध्ये. पुण्याहून नवीन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. उंच, जरा वाकलेले, बिनबाह्यांचा स्वेटर. "पेंडसेबाई, मी करंबेळकर, सांगलीचा. तुम्ही बोलता जरा मोठ्याने. यंत्रांना चालतं, मला चालत नाही." एवढं सांगून ते गेले. मराठी माणूस परदेशात मराठी माणसाचं असं स्वागत करतो, म्हणून मला फार परकं वाटलं नाही.

डच लोकांच्या या देशात सायकल चालवताना डोक्यावर हेल्मेट कोण घालतं? पर्यटक, जर्मन आणि करंबेळकर. वर चमकणाऱ्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट, डाव्या पायाला क्लिप, हातमोजे. हा साज चढवायला त्यांना दहा मिनिटं लागायची आणि तेवढ्यात बाकीचं ऑफिस घरी पोचलेलं असायचं. वळायचं असेल तर हात बाहेर काढून इशारा करायचा, हा नियम इथे सगळेच पाळतात, पण मागे कुणी असेल तर. करंबेळकर कंपनीच्या तळघरातल्या रिकाम्या सायकलतळावरही हात दाखवून वळायचे. मी एकदा विचारलं, "अहो, कुणासाठी?" ते म्हणाले, "कुणी आहे का नाही ते बघून नियम पाळायचा असेल तर तो नियम कसला?" मी तरीही दोन वर्षं त्यावरून त्यांची थट्टा केली.

त्यांच्या घरी साप आहे हे मला कळलं ते बर्फामुळे. मी आणि माझा नवरा नचिकेत पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सरबतात घालायला बर्फ हवा म्हणून मी सुनंदाताईंच्या फ्रीझरचा खालचा कप्पा ओढला. खोवलेल्या नारळाच्या डब्यांसारखेच नीट लावलेले डबे होते, वर करंबेळकरांच्या अक्षरात चिठ्ठ्या. 'उंदीर, मध्यम, पाच नग.' 'उंदीर, लहान, आठ नग.' मी ओरडले नाही, हे मी आजही अभिमानाने सांगते. सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तो कप्पा अबोलीचा. माझा वरचा." नचिकेतने त्या दिवशी सोलकढीही घेतली नाही.

अबोली म्हणजे कॉर्न स्नेक. बिनविषारी, मूळची अमेरिकेतली, अबोलीच्या फुलासारख्या रंगाची आणि अंगावर विटकरी ठिपके. करंबेळकरांच्या मुलीने, इराने, ती बाराव्या वर्षी मागून घेतली होती. आपल्याकडच्या इतर मुलांनी पियानो मागितला, कथकचा क्लास मागितला, इराने साप मागितला. करंबेळकरांनी आठ महिने अभ्यास केला, काचेची पेटी स्वतः बांधली, तिच्या तापमानाचे आलेख काढले आणि मग होकार दिला. आणायच्या दिवशी इराने विचारलं होतं, "बाबा, ही मोठी झाली की तिला पिल्लं होऊ द्यायची का? आपण दोघं अंडी फुटताना बघू." करंबेळकर म्हणाले, "विचार करून." पुढे सहा वर्षं इरा सगळ्यांना सांगत राहिली की बाबांनी प्रॉमिस केलंय. तिच्या मते बाबा 'विचार करून' म्हणाले म्हणजे हो म्हणाले, कारण नाही म्हणायला त्यांना विचार लागत नाही. हे निरीक्षण अचूक होतं.

करंबेळकर जगातल्या प्रत्येकाला अहो-जाहो करायचे, ऑफिसातल्या वीस वर्षांच्या इंटर्नलाही. अगं म्हणायचे ते फक्त इराला आणि अबोलीला. बायकोला तर ते काहीच म्हणत नसत, नुसतं खाकरत. पण काचेपाशी वाकून "अगं, आज का जेवली नाहीस? कात यायचीय का?" असं विचारताना मी त्यांना ऐकलंय, आणि हादरे मोजणाऱ्या माणसाचा आवाज एवढा खाली येऊ शकतो हे मला तेव्हाच समजलं.

मग इरा अठरा वर्षांची झाली आणि शिकायला मास्ट्रिख्टला गेली. गाडीने तासाभराचं अंतर, पण अठराव्या वर्षी तासाभराचं अंतर किती लांब असतं ते सगळ्या आईबापांना ठाऊक आहे. तिच्या घरमालकाला मांजरसुद्धा चालत नव्हतं, मग साप कुठला. ती गेली, अबोली राहिली. जाताना इरा म्हणाली, "बाबा, अबोली आता सहा वर्षांची आहे. येत्या वसंतात नाही केलं तर कधी करणार?" तेव्हापासून करंबेळकरांच्या डोक्यात हा एकच विषय. अबोलीला पिल्लं होऊ द्यायची की नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय ठरवायचं. तेच हेंकचंही म्हणणं होतं.

हेंक हा त्यांचा शेजारी. निवृत्त नळदुरुस्तीवाला, सहा फूट चार इंच, आणि त्याच्याकडे कारेल नावाचा नर कॉर्न स्नेक होता. हेंकची योजना साधी होती. मार्चमध्ये कारेलला अबोलीच्या पेटीत सोडायचं, आपण बिअर प्यायची. करंबेळकरांनी योजना ऐकून घेतली आणि ते वही घेऊन हेंकच्या घरी मुलगा बघायला गेले. मला सोबत नेलं, कारण हेंकचं डच ब्राबांटच्या खेड्यातलं होतं आणि करंबेळकरांचं पुस्तकातलं. माझं डच यथातथाच, पण मला हातवारे येतात.

"याचे आईवडील कोण?" करंबेळकरांचा पहिला प्रश्न.

हेंक विचारात पडला. "असतील कुणीतरी," तो म्हणाला.

"म्हणजे कुठून घेतला?"

"सापांच्या बाजारात. एका पुठ्ठ्याच्या डब्यात होता."

"कुठल्या विक्रेत्याकडून?"

हेंकने विक्रेत्याचं वर्णन केलं. टक्कल, लाल गॅलिस, एक दात सोन्याचा. करंबेळकरांनी पेन खाली ठेवलं. अबोलीही त्याच लाल गॅलिसवाल्याकडून घेतलेली होती. बाहेर आल्यावर ते मला हळूच म्हणाले, "पेंडसेबाई, सगोत्र निघण्याची शक्यता आहे." मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर होते. एकाच आईबापाची पिल्लं असतील तर पुढच्या पिढीत व्यंगं येतात, हे त्यांनी मला सायकल हातात धरून पाऊण तास समजावलं. त्यांनी त्या सोनेरी दातवाल्याला शोधून काढलं, पत्रं लिहिली, आणि चार महिन्यांनी उत्तर आलं की दोघांचे आईबाप वेगळे, काळजी नसावी. तोवर वसंत संपला होता. स्थळ पसंत पडलं, मुहूर्त टळला. हेंकने बिअर एकट्याने प्यायली.

मुलाकडची बाजू अशी वर्षभरात मार्गी लागल्यावर करंबेळकर मुख्य प्रश्नाकडे वळले. अबोली एका वेळी वीसेक अंडी घालणार. म्हणजे वीस पिल्लं. कॉर्न स्नेक वीस वर्षं जगतो. तेव्हा कारेलला अबोलीच्या पेटीत सोडण्याआधी वीस पिल्लांना वीस घरं ठरलेली हवीत, आणि प्रत्येक घर वीस वर्षं टिकणारं हवं. हे त्यांनी मला कॅन्टीनमध्ये सांगितलं. समोर डच सहकारी ब्रेडवर चीज ठेवून ताक पीत होते. मी म्हटलं, "अहो, आपल्याकडे मुलीच्या लग्नात एकच घर बघतात आणि तेही नीट बघत नाहीत." ते म्हणाले, "म्हणूनच."

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाने नागपंचमी करायची ठरवली. परदेशातल्या मंडळांना सण कमी पडतात, आणि इथे तर खरा नाग नसला तरी खरा साप होता. अध्यक्षीणबाईंनी करंबेळकरांना फोन केला की अबोलीला घेऊन या, बायका दूध आणि लाह्या आणतील. ते आले, हेल्मेटसकट, हातात एक लांबट डबा. हॉलमध्ये पंचवीस बायका नऊवारीत, हातात सुपरमार्केटचं कमी फॅटचं दूध. करंबेळकरांनी डबा उघडला तर आत अबोलीने टाकलेली कात. "साप दूध पीत नाही," ते म्हणाले, "पाजलं तर आजारी पडतो. गर्दी त्याला सोसत नाही. तेव्हा तिचा प्रतिनिधी आणला आहे." मग चाळीस मिनिटं भाषण. बायकांनी हळदकुंकू कातीला वाहिलं, दुधाची कॉफी केली, आणि अध्यक्षीणबाई पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाषणाच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं की पिल्लांसाठी घरं बघणं चालू आहे, इच्छुकांनी लाडवांच्या ताटाशेजारचा फॉर्म न्यावा.

फॉर्म चार पानी होता. तेवीस प्रश्न. घरात तापमान किती असतं, सुट्टीत कोण बघणार, फ्रीझरमध्ये उंदीर ठेवायला घरच्यांची लेखी संमती आहे का. फॉर्म भरलेल्यांना रविवारी कांदेपोह्यांना बोलवायचे. सुनंदाताई पोहे करायच्या आणि मला फोनवर सांगायच्या, "माझ्या वेळी तो बघायला आला होता तेव्हा त्याने दोनच प्रश्न विचारले होते गं. पगार आणि चष्म्याचा नंबर."

द हेगहून देवस्थळी पतिपत्नी आले होते. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला साप हवा होता. मुलाला क्रिकेटची मॅच होती म्हणून त्याच्या वतीने आईबाप हजर. मी तिथे साक्षीदार म्हणून. करंबेळकर महत्त्वाच्या प्रसंगांना नेहमी साक्षीदार बोलवायचे.

"आम्ही सगळे खूप अॅनिमल लव्हर आहोत," सौ. देवस्थळी म्हणाल्या.

"मुलगा एकोणीस वर्षांचा झाला की तो कुठे असेल?"

"युनिव्हर्सिटीत, होपफुली."

"आणि साप?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "ते तेव्हाचं तेव्हा बघू ना," देवस्थळी म्हणाले.

करंबेळकरांनी सतरावा प्रश्न समोर ठेवला. पुढची वीस वर्षं आपण कुठे असाल?

देवस्थळी हसले. "अहो करंबेळकर, पुढच्या एप्रिलमध्ये कुठे असू तेच माहीत नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट आहे."

"साप कॉन्ट्रॅक्टवर नसतो," करंबेळकर म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची दुसरी बशी पुढे केली. नकार देताना ते नेहमी जास्त वाढायचे.

त्या सतराव्या प्रश्नावर आपली सगळी माणसं गारद झाली. कुणाचं परमिट कंपनीशी बांधलेलं, कुणाला पासपोर्ट मिळाला की कॅनडाला जायचं, कुणाला आईवडिलांसाठी परतायचं. घरं घेतलेले लोकसुद्धा म्हणत, "भाव चढले की विकू." वीस वर्षं एका जागी राहीन असं छातीठोक सांगणारा एकही मराठी माणूस करंबेळकरांना मिळाला नाही. एक हेल्मोंडच्या ग्रंथालयातली मारेके नावाची बाई मात्र सगळ्या प्रश्नांत उत्तीर्ण झाली. ती जन्मली त्याच गल्लीत राहत होती आणि मरणारही तिथेच होती, असं तिने स्वतः लिहून दिलं.

मीही फॉर्म भरला. नचिकेतची लेखी संमती मिळवायला मला तीन आठवडे लागले, ते वेगळं. सतराव्या प्रश्नासमोर मी लिहिलं, 'इथेच, बहुतेक.' करंबेळकरांनी 'बहुतेक'भोवती लाल गोल काढला. शेऱ्यात लिहिलं, 'अर्धा गुण. बोलतात फार.' मला राग आला. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, त्याचा आणखी राग आला.

वर्ष गेलं आणि वीस घरांपैकी दीड घर जमलं. हेंकने तोडगा काढला. अंडी घातली की दोन ठेवायची, बाकीची पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये, काही लोक तसंच करतात, आत अजून काही झालेलं नसतं. करंबेळकर यावर महिनाभर विचार करत होते. कॅन्टीनमध्ये एक दिवस एकदम म्हणाले, "फ्रीझरमध्ये जे उंदीर आहेत त्यांचं मला काही वाटत नाही असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हटलं, तसं नाही वाटत. "अठरा अंडी गोठवणं चूक आहे असं नाही," ते म्हणाले, "करणाऱ्यांचं बरोबरच असेल. पण गोठवायची म्हणून आधी घालायला लावायची, हे मला जमणार नाही." मग डबा बंद करून ते उठले. पोळी अर्धी तशीच राहिली होती.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी मला विचारलं की तुमची गाडी मिळेल का. तासाभरावर एका गावात सोडून दिलेल्या सापांचं आणि कासवांचं आश्रयघर होतं, तिथे त्यांना जायचं होतं. मी जाताना वाटेभर बडबड केली. हेंक, देवस्थळी, मंडळाचा हिशेब तपासणारा माणूस, कुणाला सोडलं नाही. ते खिडकीतून गवत बघत होते.

आश्रयघर म्हणजे जुन्या शाळेचा व्यायामाचा हॉल होता. भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे, डब्यांत कॉर्न स्नेक. बाकीही प्राणी होते, पण एक पूर्ण भिंत कॉर्न स्नेकची. सगळे अबोलीसारखे, तोच रंग, तेच ठिपके. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी, वय आणि सोडण्याचं कारण. करंबेळकर वही काढून एकेक कारण उतरवू लागले. घर बदललं. घर बदललं. मुलगी शिकायला गेली. घर बदललं. बाळ झालं. मायदेशी परत गेले. घर बदललं.

तिथे काम करणारी एक स्वयंसेविका जवळ आली. साठीची, गमबूट घातलेली. तिला वाटलं आम्ही सोडायलाच आलोय. "किती आणलेत?" तिने विचारलं.

"वीस," करंबेळकर त्यांच्या पुस्तकी डचमध्ये म्हणाले. "पण अजून जन्मलेले नाहीत."

तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पिवळं जाकीट गाडीतही अंगावर होतंच. "मग तसेच राहू द्या," ती म्हणाली आणि पाण्याच्या वाट्या भरायला निघून गेली.

परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. आइंडहोवनची पाटी आली तेव्हा ते म्हणाले, "इराला सांगायला हवं." एवढंच.

इरा पुढच्या रविवारी आली. मी साक्षीदार. करंबेळकरांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून प्रेझेंटेशन लावलं. अबोलीचं वजन, गोत्र, घरं, आश्रयघर. इराची भाषेची एक पद्धत होती. हवं असलं की मराठी, सहज असली की डच, आणि रागावली की इंग्रजी. नवव्या स्लाइडला ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा." सुनंदाताई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

इरा उठली, पेटीचं दार सरकवून तिने अबोलीला हातावर घेतलं. साप तिच्या मनगटाभोवती हळूहळू सरकत राहिला. मग पाठ तशीच ठेवून तिने मराठीत विचारलं, "मग बारा वर्षांची होते तेव्हाच का नाही सांगितलंस?"

करंबेळकरांनी लॅपटॉप मिटला. अजून पाच स्लाइडी शिल्लक होत्या. "तेव्हा सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तू फार खूश होतीस गं. ते मला जमलं नाही."

इरा वळली. तिचे डोळे भरले होते. "चौदा स्लाइड्स, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. त्या दिवशी ती गाडी चुकवून राहिली. निर्णय झाला होता, नाही असा. हेंकला कळवलं तर तो म्हणाला, "दोन वर्षं लागली तुला?" आणि त्याने दोघांसाठी बिअर उघडली. करंबेळकर पीत नसत, पण बसले होते म्हणे.

खरं सांगायचं तर मी हे सगळं इतकी वर्षं विनोद म्हणून सांगत आले. पार्टीत करंबेळकरांचा विषय निघाला की मी उभी राहून नक्कल करायचे. सगोत्र, कातीची पूजा, साप कॉन्ट्रॅक्टवर नसतो, लोक पोट धरून हसायचे. न जन्मलेल्या वीस पिल्लांसाठी दोन वर्षं घरं शोधत फिरणारा माणूस विनोदी असतोच. पण नक्कल संपून मी खाली बसले की मला दरवेळी थोडी लाज वाटायची, आणि ती मी कुणाला सांगितली नाही.

त्यानंतर दीडेक वर्षाने सांगलीला त्यांचे वडील जिन्यात पडले. नव्वदीचे, एकटे. सुनंदाताई लगेच गेल्या. करंबेळकर महिनाभर तक्ते करत राहिले, पण मला वाटतं ते नुसते हात गुंतवायला होते. त्यांनी राजीनामा दिला. फर्निचर विकलं. राहिली अबोली. भारतात नेण्याची सोय नव्हती, त्यांनी सगळी ऑफिसं पालथी घातली. इराच्या घरमालकाला अजूनही मांजर चालत नव्हतं. हेंक एका पायावर तयार होता, पण तो दुसऱ्याच दिवशी कारेलला तिच्या पेटीत सोडेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. मारेकेने या अवधीत दोन पोरके साप घेतले होते, तिच्याकडे जागा नव्हती. आश्रयघराचं नाव कुणीच काढलं नाही.

एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात करंबेळकर, हेल्मेट घालून, सायकलच्या कॅरियरला बांधलेला थर्माकोलचा डबा काढत होते. काचेची पेटी आदल्या दिवशी हेंकने त्याच्या व्हॅनमधून आणून दिली होती. "तुमची हरकत नाही ना?" ते म्हणाले. नचिकेतने फ्रीझरचा खालचा कप्पा आधीच रिकामा केला होता. मी हे त्याच्या नावावर कायमचं जमा धरलंय.

करंबेळकरांनी अबोलीला पेटीत सोडलं, तापमान दोनदा तपासलं. मग काचेपाशी वाकले. मी मुद्दाम पाणी आणायला आत गेले, पण ऐकू आलंच. "अगं, इथे नीट जेव," ते म्हणत होते. "या बाई बोलतात मोठ्याने, सवय होईल." मी बाहेर आले तेव्हा त्यांनी हात धुतले, साबण लावून दोनदा, आणि एक जाड फाइल माझ्या हातात दिली. "गुरुवारी एक मध्यम. कात यायची असेल तर देऊ नका. बाकी सगळं यात आहे." चहा नको म्हणाले. माझ्याशी हात मिळवला, नचिकेतशी मिळवला, आणि खाली गेले.

त्यांना साज चढवायला दहा मिनिटं लागतात हे मला माहीत होतं, म्हणून मी खिडकीशी उभी राहून फाइल उघडली. नऊ-साडेनऊ वर्षांच्या जेवणाच्या नोंदी, वजनाचे आलेख. शेवटी दोन फॉर्म होते. पहिला माझा. 'बहुतेक'भोवतीचा लाल गोल तसाच होता, पण अर्धा गुण खोडून एक केला होता. 'बोलतात फार' हेही खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आश्रयघरातून परतताना बोलल्या नाहीत.'

दुसरा फॉर्म त्यांचा स्वतःचा होता. अर्जदार, करंबेळकर. तारीख इराला सांगितलं त्याच्या आदल्या दिवसाची. तेवीसपैकी बावीस प्रश्नांची उत्तरं त्या सुवाच्य अक्षरात भरलेली होती. सतराव्यासमोर लिहिलं होतं, 'सांगली? इथे? सांगता येत नाही.' आणि शेऱ्यात, 'नाकारले.' खाली परीक्षकाची सही आणि अर्जदाराची सही, दोन्ही सारख्याच.

मी खिडकी उघडली. हाक मारायची होती, काय म्हणणार होते ते ठरलं नव्हतं. मला हा माणूस फार आवडायचा आणि मी त्याला ते एकदाही सांगितलं नव्हतं. खाली करंबेळकरांनी पायाची क्लिप लावली, रिकामा डबा कॅरियरला बांधून हलवून बघितला, आणि निघाले. आमची गल्ली लांब आहे. शनिवारची सकाळ, पुढेमागे एक माणूस नव्हता, एक सायकल नव्हती. कोपऱ्यापाशी पोचल्यावर त्यांनी डावा हात पूर्ण बाहेर काढला, तसाच धरून ठेवला आणि वळले.